आधी परतावा मागा

सोमवार, ३ मार्च

जांभईला कोणीतरी कामावरून काढा. शेजारच्या टेबलावर बसून दिवसभर प्रत्येकाला एकच उत्तर — "मशिन चालत नाही? मग परताव्याचा अर्ज भरा." प्रश्न नाही, चौकशी नाही. फोन ठेवला की जांभई. (हे नाव मी ठेवलंय. फक्त या वहीत.)

लोकांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली मशिनं असतात ही. एवढंसं लोखंडी खोकं, दोन्ही बाजूंना पंखे. रात्रंदिवस आकडेमोड करायची आणि त्या बदल्यात मालकाच्या खात्यात डिजिटल नाणी जमा व्हायची. आम्ही विकतो ती हीच, मायनिंगची म्हणजे खाणकामाची मशिनं. निम्म्या वेळा मशिन ठणठणीत असतं, सेटिंगमध्ये घोळ असतो. जरा बसून समजावलं तर चालू होतं. पण एवढे कष्ट कोण घेणार!

आज एका माणसाने मशिनमध्ये भरायच्या नेटच्या पत्त्यात टिंबाच्या जागी स्वल्पविराम टाकला होता. शोधून काढला. माझा चहा राहिला, पण त्याचं मशिन चाललं. जांभईने त्यालाही अर्जच भरायला लावला असता.

मंगळवार, ४ मार्च

नवीन गिऱ्हाईक. गाडी चालवायला शिकवतात. आवाज असा, की फोन कानापासून लांब धरावा लागला. मी "सर" म्हटलं तर म्हणाले, "सर नको. सगळे मास्तर म्हणतात."

मशिन गेल्या गुरुवारी पोचलंय. आत तीन बोर्ड असतात, स्क्रीनवर त्यातले दोनच दिसतात, तिसऱ्यापुढे शून्य. वर पूललाही जोडलं जात नाही. (पूल म्हणजे अनेक जण आपापली मशिनं एकत्र जोडतात आणि कमाई वाटून घेतात. हे मला स्वतःला कळायला आठवडा लागला होता, त्यांना कशाला हसू?)

मास्तर म्हणाले, "हे बघा, मला हे झेपत नाही. तुमचं खोकं न्या आणि माझे पैसे द्या. शिकवायची गाडी म्हातारी झालीय. क्लच दाबला की असा आवाज येतो, की शिकणारा उतरून पळतो. म्हटलं, मशिनच्या कमाईतून हप्ते भरू, दुसरी गाडी घेऊ. चुकला हिशोब. जाऊ दे."

मी म्हटलं, "मास्तर, इतक्यात हार मानू नका. मी चालू करून देते. शब्द देते."

"मग तुम्ही मास्तरीणबाई," म्हणाले. "मी शिकाऊची पाटी लावून बसतो."

गुरुवार, ६ मार्च

मास्तरांचं मशिन पूलला जोडलं गेलं! पत्ता एकेक अक्षर वाचून घेतला. "मागच्या पानावर जा" म्हटलं की म्हणायचे, "रिव्हर्स टाकला." दोन शिकवण्यांच्या मधे घरी जातात, तेवढाच वेळ मिळतो. त्यामुळे दिवसाला एकच गोष्ट होते.

तिसरा बोर्ड मात्र मेलेला वाटतो. पण "मशिनमध्ये दोष" असं लिहायच्या आधी आम्हाला नऊ पायऱ्या कराव्या लागतात. दुसरा सॉकेट, दुसरी वायर, सगळं पुसून पहिल्यापासून... मी पायरी गाळत नाही. उद्या कोणी विचारलं तर उत्तर असलं पाहिजे.

शनिवार, ८ मार्च

दादा रंगकामावरून आला, हात धुताधुता विचारतो, "काय बॅरिस्टर, आज किती खोक्यांना जीवदान?" आईला अजून वाटतं मी खऱ्या खाणीच्या कचेरीत आहे. दर शनिवारी विचारते, "खाली उतरायला लावत नाहीत ना गं?" सांगून थकले.

या घरात शाळा पुरी केलेली मी एकटी. विजेचं बिल, औषधाची पट्टी, घरमालकाची नोटीस — सगळं माझ्यापुढे येतं. चुकीचं वाचलं तर? या भीतीने मी प्रत्येक गोष्ट दोनदा वाचते. दादा म्हणतो, "तिसऱ्यांदा वाचलंस तर अर्थ बदलतो का?"

सोमवार, १० मार्च

नवीन सॉफ्टवेअर टाकताना मधेच मास्तरांचं नेट गेलं. मशिन अर्धवट अडकलं, लाल दिवा. पुन्हा पहिल्यापासून. ते चिडले नाहीत, मी चिडले. कंपनीच्या पानावर "अवघ्या दहा मिनिटांत सुरू" असं छापणाऱ्याला माझ्या खुर्चीत आणून बसवा.

बुधवार, १२ मार्च

आठवी पायरी झाली. उरली एक — बोर्डांच्या वायरी आपसात बदलून बघायची. उद्या मास्तर शिकाऊंना लायसनच्या परीक्षेला नेणार आहेत. "परवा केलं तर चालेल?" मी म्हटलं, काहीच हरकत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहून ठेवते.

नववी पायरी झाली. तिसरा बोर्ड मेलेलाच. मी "मशिनमध्ये दोष" लिहिलं, परताव्याला पाठवलं. एका मिनिटात परत — "मुदत संपली. माल पोचल्यापासून चौदा दिवस."

काल संपली. काल!

चौदा दिवस मला पाठ आहेत. पण मी धरून चालले होते, की आम्ही मशिन तपासायला घेतलं की घड्याळ थांबतं. कोणी सांगितलं होतं असं? कोणीच नाही. मला ते इतकं उघड वाटलं, की दोनदा सोडा, एकदाही वाचून बघितलं नाही.

आमच्या हेड मॅडमकडे गेले.

"त्यांनी मुदतीत मागितला नाही ना?"

"मागितला होता, मॅडम. मला. फोनवर."

"फोनवर म्हणजे मागितला नाही. लेखी लागतो."

"मीच त्यांना थांबवलं."

"चांगलं केलंस," मॅडम म्हणाल्या. आणि पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.

मास्तरांना मीच सांगितलं. आता दुरुस्ती मिळेल, पण पाठवायचा आणि दुरुस्तीचा, दोन्ही खर्च त्यांचा. त्यांनी दोन्ही खर्चांचा अंदाज विचारला, मी सांगितला. मग म्हणाले, "मी तर पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, न्या म्हणून."

हो. म्हणाले होते.

सोमवार, १७ मार्च

आज मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी भिंतीवर तक्ता लावलाय. कोणाच्या गिऱ्हाइकांना किती परतावे गेले, त्याचा. सगळ्यांत कमी माझे. सगळ्यांत जास्त जांभईचे. मॅडम म्हणाल्या, "हिच्याकडून शिका. गिऱ्हाइकाला कसं धरून ठेवायचं ते."

धरून ठेवायचं!

दुपारी जांभईशेजारी जाऊन बसले. पहिल्यांदाच. तिला म्हटलं, तू नऊ पायऱ्या का करून घेत नाहीस? डबा चाटूनपुसून खात म्हणाली, "मला कंटाळा येतो गं. गिऱ्हाइकाने आपणहून अर्ज केला तर पायऱ्या लागतच नाहीत. मॅडम शिव्या घालतात, घालू देत. पण बघ ना, माझ्याकडे कोणी परत फोन करून रडत नाही."

मी बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. आळशी बाईच्या गिऱ्हाइकांचे पैसे परत मिळतात, माझ्या गिऱ्हाइकांचे बुडतात. मी जितकी मन लावून शिकवते, तितके त्यांचे दिवस जातात. पायऱ्या नऊ कशाला आहेत ते आज कळलं. खोटं बोलणारी माणसं नकोच आहेत यांना. खोटं ऐकलं की गिऱ्हाईक सावध होतं. यांना माझ्यासारखी हवी. मनापासून "हार मानू नका" म्हणणारी. पगार त्याचाच.

किती जणांना म्हटलं असेन मी हे? आठवायचा प्रयत्न केला. आठवत गेले, म्हणून थांबले.

मंगळवार, १८ मार्च

आजपासून माझं पहिलं वाक्य — "आधी परतावा मागा. लेखी. मग आपण मशिन बघू."

दिवसभर हेच. मॅडम दोनदा मान वर करून बघत होत्या. बघा.

शुक्रवार, २१ मार्च

मास्तर बँकेत गेलेत. कार्डावर पैसे भरले होते, बँकेने कंपनीला जाब विचारलाय. शाब्बास मास्तर.

संध्याकाळी मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. बँकेला द्यायचा, माझ्या नावाने टाइप केलेला. "ग्राहकाने मुदतीत परताव्याची लेखी मागणी केली नाही. मुदतीच्या काळात तो मशिनच्या जोडणीबाबत मार्गदर्शन घेत होता. मी त्याला सर्व पायऱ्यांमध्ये साहाय्य केले."

दोनदा वाचला. तिसऱ्यांदाही वाचला. एक शब्द खोटा सापडेना. संताप त्याचाच आहे. खोटं असतं तर फाडून तरी टाकला असता.

"सोमवारी सही करून आण," मॅडम म्हणाल्या. "आणि फोनवर अर्ज-बिर्ज सांगणं बंद कर. तुझी बढती आहे पुढच्या महिन्यात, माझ्या तोंडून आत्ताच वदवून घेऊ नकोस."

रविवार, २३ मार्च

दादा म्हणतो, कर सही आणि मोकळी हो. "त्या मास्तराने तुझ्या फिया भरल्या होत्या का? मी भरल्या. शिडीवर चढून."

खरं आहे. त्याने सातवीत शाळा सोडली आणि मी शिकले. तो हे कधी बोलून दाखवत नाही. आज दाखवलं. मी म्हटलं, "मग काय मी आयुष्यभर तुझ्या शिडीखाली उभी राहू?" असं म्हणायला नको होतं. ताटावरून उठून गेला.

आप्पांना कागद वाचून दाखवला. गोदामात ओझी उचलून त्यांची बोटं आता नीट मिटत नाहीत, पण ऐकतात नीट. म्हणाले, "खरं लिहिलंय?"

"सगळं खरं लिहिलंय."

"मलाही असंच सांगायचे. सगळं खरं आहे, लाव अंगठा. असायचं खरं. फक्त मी जे सांगितलेलं असायचं, तेवढंच नेमकं नसायचं त्यात."

"मग नको करू सही?"

"नोकरी जाईल?"

"बहुतेक."

आप्पांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून परत दिला. मग म्हणाले, "मला विचारू नकोस, बाळ. मी कर म्हणेन."

सोमवार, २४ मार्च

केली नाही.

कागद तसाच मॅडमच्या टेबलावर ठेवला. वेगळ्या कागदावर माझ्या हाताने लिहिलं — ग्राहकाने चार मार्चला, मुदतीत, मशिन परत घ्या असं मला फोनवर स्पष्ट सांगितलं. मी त्यांना थांबवलं. तिसरा बोर्ड बंद आहे हे मला सहा तारखेला दिसलं होतं. खाली पूर्ण नाव, सही.

सुटल्यावर मास्तरांना बोलावून दिला. रस्त्याच्या कडेला त्यांची ती गाडी. मास्तर आवाजावरून वाटले होते त्याच्या निम्मे आहेत. स्टिअरिंगवर कागद ठेवून सावकाश वाचला.

"यावर तुमचं नाव आहे, मास्तरीणबाई."

"आहे."

"बँकेत दिला तर तुमचं काय?"

"तुम्ही द्या."

मग म्हणाले, तुम्हाला गाडी शिकवतो, एक पैसा घेणार नाही. मी म्हटलं, "या क्लचवर?" दोघंही हसलो. खूप दिवसांनी हसले. घरी येईपर्यंत राग पुन्हा जागेवर होता.

बुधवार, २६ मार्च

मॅडम आज गोड बोलल्या. भीती वाटते.

सोमवार, ३१ मार्च

ओळखपत्र काढून घेतलं. दारातच. कारण काय म्हणून विचारलं तर कागद दाखवला, हातात दिला नाही. "ग्राहकाची लेखी तक्रार. कर्मचाऱ्याने दिशाभूल केली." कोणाची? नाव मॅडमनी अंगठ्याने झाकलं होतं. मी कोणाची दिशाभूल केली? गेल्या दोन आठवड्यांत मी खरं तेच सांगितलंय सगळ्यांना! कोण आहे हा हलकट?

जांभई जिन्यापर्यंत आली. माझा डबा आणून दिला. 

बुधवार, २ एप्रिल

मास्तरांचा फोन. पैसे मिळाले. सगळे.

मग तो आवाज खाली आला. म्हणाले, गेल्या शुक्रवारी कंपनीने एका कागदावर सही मागितली. तुम्ही आपल्या मनाने माझी दिशाभूल केलीत, कंपनीचा त्यात काही संबंध नाही, असं होतं. सही दिली तरच पैसे. "वाचला होता मी. नीट वाचला. केली सही."

मी म्हटलं, "बरं केलंत."

"राग नाही ना, मास्तरीणबाई?"

"आहे," मी म्हटलं. "पण गाडी घ्या."