शेवटचा रकाना

३ मार्च, सोमवार

शेवटचं अक्षर वाचलंच जात नाही! माझ्याच प्रोग्रामात. बावीस वर्षं!

आज चौथा सराव होता. एमएस्सीची अकरा मुलं, आणि त्यांच्या खुर्च्यांमागून फिरणारा मी. काम नेहमीचंच — रुग्णाच्या जनुकाचा तुकडा वर आडवा लिहायचा, निरोगी माणसाचा बाजूला उभा, मधे कोष्टक. एकेक घर भरत जायचं आणि अक्षर कुठे बदललंय ते हुडकायचं. पहिल्या बाकावरची चेंगे हे सगळं कागदावर, पेन्सिलीने करत बसलेली. मागून पोरं खिदळत होती, "अगं, मशीन कशाला दिलंय मग!" तिने वर पाहिलं नाही. तास सुटल्यावर कागद माझ्यापुढे धरला.

"बेनोकाका, माझे बारा रकाने झाले. तुमचा प्रोग्राम अकरावर थांबतो."

मी म्हटलं, चुकलीस. शून्यापासून मोज.

"तसंच मोजलंय, काका. तुम्ही सुरुवात एकापासून केलीत, आणि थांबलात मात्र शून्यवाल्यांसारखे."

घरी येऊन पाहिलं. पोरीचं बरोबर आहे.

४ मार्च

सूप गरम केलं. गार झालं. पुन्हा गरम केलं. ओतून दिलं.

५ मार्च

सरावाच्या प्रोग्रामाचं काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण हाच प्रोग्राम मी २००३ साली इस्पितळाच्या जनुक-तपासणीला दिला होता. फुकट, आणि किती ऐटीत! रेडिओ दुरुस्त करणारा माणूस मी. पुस्तकं उघडून, डोकं खाजवत शिकलेला, पदवीचा पत्ता नाही — आणि डॉक्टर माझा प्रोग्राम वापरणार! माझी पिरोश्का तेव्हा होती. जिन्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांना सांगत सुटली होती, "आमच्या ह्यांनी केलाय."

सात वर्षं चालला तो तिथे. त्या सात वर्षांत ज्याचा दोष नेमका शेवटच्या अक्षरात असेल, असं एक जरी माणूस आलं असेल, तर त्याला आम्ही कागदावर लिहून दिलंय: दोष नाही.

७ मार्च

सिलाशीबाईंना सांगितलं. कोर्स त्यांचा, मी नुसता सराव घेणारा. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"बेनो, बहुतेक तुकड्यांच्या दोन्ही कडांना बिनकामाची अक्षरं असायची. शेवटचं गळलं तरी काही बिघडत नसे."

"बहुतेक?"

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "एक तुकडा अगदी कडेला कापलेला असायचा. तोल जाण्याच्या आजाराचा."

"जुने अहवाल हवेत मला."

"कशाला उकरतोस? वरचे लोक आधीच हा कोर्स बंद करायला टपलेत." पण अर्जावर सही केली. सही करताना माझ्याकडे बघितलं नाही.

१८ मार्च

इस्पितळाने त्या आजाराचे सगळे अहवाल पाठवले. नावं झाकलेली, नुसते नंबर. एकशे अठरा. प्रोग्राम नीट करून झालाय, पण त्याच्यावर सोडवत नाही. हाताने वाचतोय. दिवसाला वीस. डोळ्यांचं पाणी खळत नाही.

२१ मार्च

साठ झाले. सगळे स्वच्छ. वाटतं, सुटलो की काय!

२४ मार्च

नंबर एकसष्ट.

जी हवं तिथे ए. अगदी शेवटचं अक्षर. आणि खाली माझ्या प्रोग्रामचा शेरा, ठसठशीत: फरक नाही.

२५ मार्च

रात्रभर बसून उरलेलेही वाचले. एकच. एकच आहे म्हणून बरं वाटून घ्यावं म्हटलं, तर नाही वाटत. एकशे अठरांपैकी एक, असं त्या माणसाला कसं सांगणार? त्याच्या वाट्याला तर सगळंच आलं. इस्पितळाला कळवलंय. ते शोधतील म्हणतात.

१ एप्रिल

चेंगे चीजचे छोटे खारे पाव, पोगाचा, घेऊन आली. "वाळलात किती, काका. खा आधी." खाता खाता तिला सगळं सांगून टाकलं. नंबर तेवढा सांगितला नाही.

"सापडलं कुणी?"

मी मान डोलावली.

"एकसष्ट?" म्हणाली.

हातातला तुकडा तसाच राहिला. तिने पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद काढला. तिच्या आईचा, कोपऱ्यात नंबर एकसष्ट. आजोबा या आजाराने गेले म्हणून आईने तपासून घेतलं होतं. दोष नाही म्हटल्यावर निर्धास्त झाली. पुढे बालवाडीत मुलांसमोर झोकांड्या जायला लागल्या, तर डॉक्टर तो कागद बघून म्हणायचे, हा आजार नव्हे. सहा वर्षं! लोक म्हणाले, पिते. नोकरी गेली. नव्या तपासणीत गेल्या वर्षी खरं काय ते कळलं.

"कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात तुमचं नाव होतं," चेंगे म्हणाली. "हा विषय मी तुमच्याशी भांडायलाच घेतला."

"मग भांड की गं!"

"रोज ठरवून यायचे. आणि तुम्ही दारातच विचारायचात, जेवलीस का."

५ एप्रिल, शनिवार

माकोला, चेंगेच्या गावी गेलो. चेंगेची आई खिडकीपाशी बसून होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी जे पाठ केलं होतं त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. चुकलं, एवढंच म्हणालो.

बाईने नजरेनेच समोरची खुर्ची दाखवली. मग हळूहळू, शब्द जुळवत म्हणाली, "शेवटची दोन वर्षं रोज सकाळी मुख्याध्यापिकेसमोर तोंड उघडून उभी राहायचे. वास घ्यायला. पालकांच्या देखत. बाकी सगळं माफ करीन मी तुम्हाला. ते नाही."

मी म्हटलं, नका करू.

कॉफी दिली तिने. स्वतः ओतली. निम्मी बशीत सांडली. मी बशीतलीही प्यालो.

९ एप्रिल

चेंगेने स्वतःच्या जनुकाचा तोच तुकडा लॅबमधून काढून घेतलाय. आईचा दोष तिच्यात उतरला असेल किंवा नसेल — निम्मं निम्मं. इस्पितळाची तारीख जूनमधली. फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही वाचा. हाताने."

नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. माझ्याकडून? माझ्या हातून?

"काका, जूनपर्यंत मला प्रत्येक जिना उतरताना पाय बघत बसायचंय का?"

फाइल घरी आणलीय. उघडवत नाही.

१२ एप्रिल

उघडली. मिटली.

१३ एप्रिल, रविवार

वाचलं. पेन्सिलीने, शेवटच्या रकान्यापर्यंत. आईबापांकडून आलेल्या दोन प्रती, दोन कोष्टकं. मग पुन्हा, उलट्या बाजूने.

पहिल्या प्रतीत जी.

दुसऱ्या प्रतीत जी!

फोनची बटणं दाबता येईनात. कोट घातलाय. तिच्या वसतिगृहाकडे चालतच निघतो.