नाकारलेली नोकरी

प्रिय ताई,

तुझ्या मोठ्या हॉस्पिटलातली नर्सची नोकरी मी नाकारली, म्हणून तू अबोला धरलास. खरं सांगते, काल चर्चच्या या वृद्धाश्रमात अठरा चादरी धुतल्यावर कंबर मोडली आणि तू पाठवलेला त्या नोकरीचा फॉर्म मी भरायला घेतला. तेवढ्यात इथल्या लकवा मारलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने हाक मारली, "सिस्टर, आज प्रार्थना राहिली." मी त्याच्याजवळ बसले, पण थकव्याने शब्दच सुचेनात. शेवटी तोच अडखळत म्हणाला, "प्रभू, हिला जरा झोप दे." मला रडूच फुटलं.

ताई, येशू मला इथेच भेटतो. मोठ्या पगाराचा मोह सुटलाय असं नाही, तरी मी येत नाहीये. हे पत्र पाठवणार नाही, कारण तू अबोला सोडून पुन्हा समजावशील आणि नाही म्हणायचं बळ आज माझ्यात नाही.

तुझीच,
धाकटी