तुझ्या होडीवर उतरलेलं विमान

बाबा, काल तुझ्या होडीवर विमान उतरवलं. मी उतरवलं, हातातल्या रिमोटवर. आत माणूस बसत नाही त्याच्यात, पंखांची रुंदी आपल्या पडवीएवढी, पण विमानच ते. त्याला धावपट्टी म्हणून काशीदची ओहोटीची ओली वाळू पुरते, थोडंसं धावतं आणि उठतं. उतरायला तर तेवढीही जागा नको. हवेतच थांबतं आणि उभ्याउभ्या खाली येतं. आईला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, जेवलीस का? सांगायचं होतं तुला, आणि ते काही मायेपोटी नव्हे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाशी वैर धरू नये. मी धरलंय, आणि चांगलं खाऊपिऊ घालून पोसलंय.

आठव, मी चौथीत आहे. होडी थळच्या धक्क्याला लागलीय, तू डबा घरी विसरलायस आणि मी आपणहून तो घेऊन धावत आलेय. आपल्यात बाईमाणसानं होडीवर पाय ठेवायचा नसतो हे मला ठाऊक आहे, पण मी कुठे बाई आहे, असं मला वाटतं. डबा हातात द्यायला म्हणून चढते. तू वळतोस आणि सगळ्या बंदरासमोर माझ्या कानाखाली अशी वाजवतोस की डबा पाण्यात जातो. "पुन्यांदा हिथं पाय पडला तर तोडून टाकीन." तेवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलेही असते. पण त्या वर्षी मासळीच लागली नाही. साऱ्या बंदराची जाळी रिकामी येत होती, पांढऱ्या पायाची मात्र मी एकटी. तू घरी यायचास, हातपाय धुवायचास आणि माझ्याकडे बघत आईला म्हणायचास, हिनं दर्या नासवला. आई ताटं मांडायची. जेवताना मी भात कमी वाढून घ्यायची, कारण तो माझ्यामुळेच कमी पडतोय असं मला खरंच वाटायचं. एवढ्याशा पोरीला तू असं वाटू दिलंस, बाबा.

म्हणून तुझीच होडी. मी काम करते त्या कंपनीला चालत्या होडीवर विमान उतरवून बघायचं होतं, पुढे भर समुद्रातल्या जहाजांवर औषधं पोचवायची आहेत. अलिबागकडे रुंद, नव्याकोऱ्या होड्या मिळत होत्या. मी म्हटलं, हीच. साहेबांनी कारण विचारलं तर ठोकून दिलं की हिचा मागचा भाग अगदी मापाचा आहे. सुकाणू आता धाकट्याच्या हातात असतं, तुझ्या लाडक्याच्या. फोनवर तो आढेवेढे घेत म्हणाला, ताय, जुनी झालीय ती, दुसरी बघ की. मी ऐकलं नाही. काल त्यानं जाळी उतरवून जागा मोकळी केली आणि मी चढले, पायात बूट घालून. होडीवर चप्पलसुद्धा कोणी घालत नाही, तिला आई म्हणता ना तुम्ही सगळे! खलाशी तंबाखू मळत राहिले. भावानं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग खताच्या कारखान्याच्या धुराड्यांकडे पाहत बसला.

बाहेर लाटा बऱ्यापैकी होत्या. आमच्या माणसांनी किनाऱ्यावरून सोडलेलं विमान आलं, होडीच्या डाव्या अंगाला राहून आमच्याच वेगानं चालू लागलं, मग हळूहळू आडवं सरकत आमच्या डोक्यावर आलं. खरी गोम इथेच असते, कारण खालची जागा एका ठिकाणी राहत नाही, वर येते, खाली जाते. पहिल्यांदा टेकता टेकता होडी उसळली आणि मला ते परत वर घ्यावं लागलं. दुसऱ्यांदा लाट बसली तशी उतरवलं, अलगद, तुझ्या फळ्यांवर. "बघ, बुडली का होडी?" मी भावाला ओरडून विचारलं आणि मला हसू आवरेना. तेव्हा तू जिवंत असायला हवा होतास. तुझं तोंड मला बघायचं होतं.

धक्क्याला परत आलो, विमान गाडीत ठेवलं, आमची माणसं चहाला गेली. मी वळून बघते तर भाऊ बादल्यांवर बादल्या ओतून मागच्या फळ्या धुतोय. काय करतोस, विचारलं. खाली मान घालून म्हणाला, "विमानाचं तेल सांडलंय, ताय." ते विमान बॅटरीवर चालतं, बाबा. सकाळी ती बॅटरी त्यानंच तर उचलून गाडीतून खाली घेतली होती. माझं टाळकं फिरलं. तशीच पुन्हा चढले आणि ओल्या फळ्यांवर फतकल मारून बसले. म्हटलं, आता धू. बंदरावरची माणसं जमायला लागली. तो रागावलासुद्धा नाही, नुसतं म्हणत राहिला की उतर ना, लोकं बघतायत. मी म्हटलं, बघू देत.

हे पत्र कुठे टाकणार, ते खणातच राहील. पण एक गोष्ट मी आईला सांगितली नाही, कंपनीतल्या कोणाला सांगितली नाही. तुला सांगते, कारण तुला ती आवडेल. मी तिथे बसलेली असताना, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून टोपी खाली ओढायला भावानं हात वर उचलला, आणि मी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.