फ्लॅशरच्या दोन वायरी

अप्पा, तुम्ही लग्नात दिलेली मोटारसायकल अजून चालते आहे. परवा रविवारी तिचा इंडिकेटर दुरुस्त केला, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. अंगणवाडीत पोरांना आज दोनदा तीच गोष्ट सांगितली, पोरं हसली. घरी भाजीत मीठ विसरले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मला तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, खोटं कशाला बोलू. तुम्ही होता तेव्हाही आपलं बोलणं जेवढ्यास तेवढंच होतं. पण हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलावं ते कळेना, म्हणून दुपारी दार लोटून पोषण आहाराच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन बसले आहे.

तुम्ही पाहिला तेव्हा नातू दोन वर्षांचा होता, तुमच्या मिशा ओढायचा. आता चोवीस वर्षांचा आहे. रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्याच्या शेजारी बसतो त्या असिस्टंटच्या जागेसाठी त्यानं दोन वर्षं घासली. रोज मंठाळहून तुमच्या गाडीवर बसवकल्याणला अभ्यासिकेत जायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा. लेखी परीक्षा पास झाला तेव्हा आमच्या ह्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. येत्या गुरुवारी हैदराबादला त्याची मेडिकल आहे. त्यात डोळे तपासतात, अप्पा. नुसतं लांबचं-जवळचं नाही, रंगही तपासतात.

तर इंडिकेटरचं सांगते. पोरानं हौसेनं जुने बल्ब काढून एलईडीचे दिवे बसवले आणि त्या दिवसापासून दिव्यांची उघडझाप थांबली. बटण दाबलं की दिवा नुसता जळत राहायचा. मी म्हटलं, उघडझाप करवणारा तो जुना फ्लॅशर ह्या दिव्यांना चालत नाही, त्यांना फार कमी करंट लागतो, नवा घेऊन ये. दुकानात तुमच्याजवळ बसून एवढं तरी शिकले होते. रविवारी दुपारी अंगणात गाडी उभी केली, बाजूचं झाकण काढलं. तुमचा जुना फ्लॅशर कसाही लावला तरी चालायचा, नव्याचं तसं नाही. त्याच्या एका पिनेवर बी लिहिलेलं असतं, तिला बॅटरीकडून येणारी वायर लागते. दुसरीवर एल, तिला स्विचकडे जाणारी. ह्या गाडीचं सगळं वायरिंग तुम्ही नव्यानं केलं होतं आणि तुमचा नियम मला पाठ होता. बॅटरीची तांबडी, स्विचची हिरवी. मी म्हणाले, ‘‘तांबडी बीला लाव, हिरवी एलला.’’ तो म्हणाला, ‘‘लावलो बघ.’’

बटण दाबलं तर काहीच नाही. ‘‘फ्लॅशरच खराब दिलाय दुकानदारानं,’’ म्हणत तो दुसऱ्याची गाडी मागून बसवकल्याणला गेला आणि दीड तासानं कपाळाला आठ्या घालून आला. ‘‘त्यानं माझ्यासमोर बॅटरीला लावून दाखवला. मस्त चालायलाय. आपल्याच वायरिंगमध्ये कायतरी हाय.’’ जोडणी त्यानं पहिल्यासारखीच केली. मी चष्मा लावून वाकले. बीच्या पिनेत हिरवी होती.

‘‘अरे, ही हिरवी लावलास की.’’

‘‘हिरवी कुठली? तांबडीच हाय ती. मळलीय म्हणून तुला तसं दिसायलंय.’’

मी फडक्याला रॉकेल लावून वायर पुसली. वर्षानुवर्षांचा मळ निघाला आणि हिरवा रंग स्वच्छ दिसायला लागला. म्हटलं, ‘‘आता बघ.’’ त्यानं वायर बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याची थट्टा करतेय असं त्याला वाटलं असावं. ‘‘आता बी तांबडीच हाय. कामून डोकं खायलीस, आई?’’

मी चष्मा काढून पदराला पुसला. म्हणाले, ‘‘व्हय रे, माझंच चुकलं. हा चष्मा आता बदलायला पाहिजे.’’ त्याला पाणी आणायला आत पाठवलं आणि दोन्ही वायरींची अदलाबदल मीच केली. इंडिकेटर लागला. टकटक, टकटक, एकदम सरळ. तो बाहेर येऊन टाळी वाजवून म्हणाला, ‘‘बघ, म्हणलो न्हाई का, वायरच नीट बसली नव्हती.’’ मी हसले. बाजूचं झाकण मीच घट्ट बसवलं.

अदलाबदल करताना बोटांना काहीतरी लागलं होतं. तांबड्या वायरीला टोकाजवळ सुती दोऱ्याची एक गाठ, हिरवीला दोन. दोरा काळा पडलेला, पण गाठी तशाच घट्ट. आपलं स्वयंपाकघर समोर आलं. संध्याकाळी भाकरी झाल्या की अव्वा चुलीशेजारी बसून तुम्ही आणलेल्या वायरींचे तुकडे वेगळे करायची आणि दोरे बांधायची. तुम्ही दारात पाठमोरे बसून तंबाखू मळायला लागता, जणू त्या वायरींशी तुमचा काही संबंधच नाही. मी आईला विचारते, ‘‘अव्वा, दोरा कामून बांधायलीस?’’ ती वर न बघता म्हणते, ‘‘गाडीला दृष्ट लागू न्हाई म्हणून.’’ मला ते खरं वाटलं. मलाच काय, सगळ्या गिऱ्हाइकांना वाटलं. दुबलगुंडीचा तो जीपवाला तर पैजेवर सांगायचा, ‘‘अप्पाचा दोरा असला की गाडी दगा देत न्हाई. कुठल्या मठातनं आणता वो?’’ दुसरा कुणी म्हणायचा, मठ नव्हे, दर्ग्याचा आहे. तुम्ही दोघांनाही मान डोलवून म्हणायचा, ‘‘हाय एक ठिकाण.’’ आणि ते एक ठिकाण म्हणजे आपल्या घरची चूल.

आता दुकानातला तो दिवस सांगते, जो तुम्हाला आवडणार नाही. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजला सुट्टी, दुकानात तुमच्याशेजारी स्टुलावर बसलेली. अव्वा त्या आठवड्यात माहेरी गेलेली, म्हणजे बोटांनी रंग ओळखायला वायरींना दोरे नव्हते, हे मला आज कळतंय. तुम्ही एका ट्रॅक्टरची वायर जोडत होता. मी चार माणसांदेखत मोठ्यानं म्हणाले, ‘‘अप्पा, ती तांबडी न्हाई, हिरवी हाय. एवढंबी दिसंना का?’’ आणि हसले. माणसंही हसली. तुमचा हात थांबला. तुम्ही पक्कड खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘‘उद्यापासून दुकानात यायचं न्हाई.’’ चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. दुकानात पोरगी बसलेली तुम्हाला नको होती, असं मी धरून चालले. पुढच्याच वर्षी माझं लग्न लावून दिलंत, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. लग्नात जावयाला ही गाडी दिलीत, जुनी घेऊन महिनाभर खपून नवी करून. सगळे म्हणाले, बापानं पोरीसाठी केवढं केलं. मी मनात म्हणाले, पोरीसाठी कुठं, जावयासाठी. इतकी वर्षं हा राग मी सांभाळून ठेवला. तो असा विनाकारण ठरला म्हणून आता तुमच्यावर पुन्हा राग येतोय, बघा माझी तऱ्हा.

काल बसवकल्याणला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. शेजारणीच्या मुलाला तांबडा-हिरवा वेगळा दिसत नाही, असं सांगून विचारलं. ते म्हणाले, हा दोष बहुतेक वेळा आजोबांकडून आईच्या मार्फत नातवाकडे येतो. आईला स्वतःला काही त्रास होत नाही, तिला सगळे रंग दिसतात. औषध नाही, चष्मा नाही. ‘‘इंजिनवर घेत नाहीत अशा मुलांना,’’ ते म्हणाले, ‘‘पण बाकी हजार कामं करता येतात. आधी कळलं असतं तर मुलानं दुसऱ्या जागेचा अर्ज केला असता.’’ आधी हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी बाहेर येऊन चुकीच्या बसमध्ये बसले, कंडक्टरनं उतरवलं.

येताना वाटभर तुमच्याशी भांडत होते. म्हटलं, अप्पा, एक शब्द बोलला असतात तर? मला सांगायची लाज वाटली तर अव्वाजवळ निरोप ठेवायचा होता. तुमची आब राहिली आणि माझ्या पोराची दोन वर्षं मातीत गेली. मंठाळला उतरेपर्यंत माझं हे भांडण चांगलं रंगलं होतं. मग अंगणवाडीचं कुलूप उघडलं. भिंतीवर रंगांचा तक्ता आहे, तांबडा, हिरवा, पिवळा, निळा. रोज छडी लावून मी त्यावरून पोरांकडून रंग म्हणवून घेते, आणि तिथं मला स्वतःला फसवता येईना.

कारण हे मला रविवारी पहिल्यांदाच कळलं असं नाही, अप्पा. तो चौथीत असताना शाळेसाठी झाडाचं चित्र काढत होता. पानं सगळी तपकिरी रंगवली होती. मी रागावले, ‘‘पानं अशी असतात का रे?’’ तर म्हणाला, ‘‘हिरवाच घेतलो की.’’ मी त्याच्यासमोर दोन खडू धरले. त्यानं चुकीचा उचलला. पुन्हा धरले, पुन्हा चुकीचा. मग तो खेळायला गेल्यावर मी पानांवरून हिरवा खडू गडद फिरवला आणि चित्र दप्तरात ठेवलं. बाईंनी शाबासकी दिली, त्यानं नाचत येऊन सांगितलं. त्यानंतर त्याच्या खडूंवरचे कागद मी कधी फाटू दिले नाहीत, त्यावर रंगाचं नाव छापलेलं असतं ना. पिकलेल्या मिरच्या तोडायला मी त्याला कधी पाठवलं नाही. इंजिनचा अर्ज भरला तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं, पण म्हटलं लेखी परीक्षेत हजारो पोरं बसतात, हा कुठला पास होतोय. आईनं पोराबद्दल असं म्हणावं, अप्पा. आणि रविवारी ‘तांबडी लाव’ असं मी त्याला मुद्दाम सांगितलं. एकदा तरी त्याला बरोबर दिसेल, अशी आशा होती. तुम्ही लपवलंत त्यावर घरातल्या चार माणसांचं पोट होतं. मी लपवलं ते त्याला कुणी कमी म्हणू नये म्हणून, आणि खरं तर मला कुणी काही म्हणू नये म्हणून.

मघाशी तो पाणी प्यायला आत आला. ‘‘काय लिहायलीस?’’ म्हणाला. मी म्हणाले, ‘‘रजिस्टर.’’ ‘‘माझा पांढरा शर्ट तेवढा इस्त्री करून ठेव,’’ म्हणाला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन पिशवी भरायला लागला. इथून त्याची शीळ ऐकू येते आहे. आज मंगळवार. उद्या सकाळच्या बसनं तो निघेल. चार पावलांवर आहे, मध्ये नुसता पडदा आहे. हे सगळं त्याला सांगायचं होतं, अप्पा. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.