विनायकचा तांब्या

उज्जैन, गुरुवार, नोव्हेंबर १९५६

माझा विद्यार्थी विनायक दर गुरुवारी वार लावून आमच्याकडे जेवतो. आज अर्ध्या पोळीवरच "बस सर, हो गया" म्हणून उठला आणि स्वतःचा तांब्या इथेच ठेवून गेला. ही म्हणाली, "विसरला असेल." रोज तांब्या घेऊन वेगळ्या घरी जेवणारा पोरगा तो विसरेल?

तसाच त्याच्या माधवनगरातल्या खोलीवर गेलो. पुस्तकं वाटून टाकलेली. तांब्या पुढे केला, तर म्हणाला, "राहू द्या, आता नाही लागायचा." जिवाचं काही बरंवाईट तर करणार नाही ना हा? गावी जातोयस का? नाही. मग कुठे? त्यानं तांब्या परत माझ्याकडेच सरकवला.

दंडाला धरून घरी आणला. हिनं तांब्या भरून पुढ्यात ठेवला. त्यानं तो जवळ ओढला. मग हळूच म्हणाला, "पण सर, उद्या शुक्रवार. तुमच्याकडे वार नाही."

उद्या म्हणाला. स्वतःच्या तोंडानं म्हणाला.