मागच्या खोलीचं अपील

९ एप्रिल
निकालाची नक्कल मिळाली. केस हरलो, म्हणजे फक्त खालच्या कोर्टात. आईने जाण्याआधी मागची खोली माझ्या बहिणीच्या, छबूच्या नावे केली. 'आखाजीला येणाऱ्या लेकीला हक्काचं माहेर' असं मृत्युपत्रातच लिहिलंय. जणू मी तिला दारात उभं ठेवणार होतो! आई तेव्हा भ्रमिष्ट होती, हा माझा मुद्दा. आता नंदुरबारला अपील. मुदत तीस तारखेपर्यंत, नेमकी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. वकील उद्याच गाठतो.

११ एप्रिल
उमाकांत वकिलांनी एक पान वाचलं आणि फाइल परत केली. उलटतपासणीत विचारलं होतं, आई माणसं ओळखायची का? मी ठणकावून सांगितलं, अहो, नुसत्या पावलावरून ओळखायची! आमच्या घराण्यात कोणी वेडं निघालेलं नाही! एस.टी.त कंट्रोलर होतो, आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. तिथेच घोटाळा झाला म्हणे. भित्रा माणूस.

१५ एप्रिल, दुपार
मागच्या खोलीतून हाक आली, थेट आईसारखी. "हेमू, जेवना का रे?" खोलीला कुलूप, किल्ली छबूकडे, तिच्या सासरी विसरवाडीला. मांजर असेल. बायको, संध्या, म्हणाली, मांजर अहिराणी बोलते का?

२१ एप्रिल
आणखी दोन वकिलांचा नकार. एकाने चहा पाजला, म्हणजे विचार चालू आहे. जेवताना पुन्हा हाक. तोंडातून निघून गेलं, "हो, बसलोय." ताट सरकवलं. खरं सांगायचं तर घाबरलो. अपिलाचं टेन्शन, दुसरं काही नाही. मनोबल उत्तम.

२६ एप्रिल
वकील मिळाला! नवनीत वकील, नवी सनद, घरी येतो. मसुद्यात झकास लिहिलंय, 'मयत रेवाबाई पोटच्या मुलालाही ओळखत नव्हत्या.' आखाजीला सकाळी सही, दुपारी दाखल. वाचताना हात गार पडले. पंखा फुल्ल होता.

३० एप्रिल, आखाजी
संध्याने आईच्या नावाची घागर भरली. मी निखाऱ्यावर आगारीचा घास टाकला; तो पेटला की पितर जेवले म्हणायचं. पेटलाच नाही, नुसता धूर. लाकडं ओली.
नवनीत वकील आले. पेन उचललं आणि मागून, "हेमू, जेवना का रे?"
तणतणत गेलो. खोली उघडी. छबू नुकतीच येऊन चूल पेटवत होती. तिला म्हटलं, आईचा आवाज काढणं बंद कर. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "मी नही मारी हाक, भाऊ." मग हळूच, "तुले बी ऐकू येस का?"
दोघंही रडलो. तिच्या चुलीत आगारी भडकन पेटली. तिने सोबत आणलेलं वाढलं, मी जेवायला बसलो.
वकील सहीसाठी मागे आले. त्यांना सांगितलं, अहो, आई मेल्यावरसुद्धा मला नावाने हाक मारते, जेवलो का विचारते. ओळखत नव्हती असं कसं लिहू?
त्यांनी फाइल माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि चपला घालायला गेले.