कुसुमच्या डब्यातली काडतुसे

रत्नागिरी, मंगळवार, जानेवारी १९८३

काट्यावरची बंदुकीची दारू पुन्हा चिमूटभर कमी केली. तरी जास्तच वाटते. हरणाच्या शिकारीच्या रायफलीचे काडतूस सशापुरते हलके भरायचे, एवढेच. मला चार वर्षांत जमले नाही, धाकट्या बहिणीला, कुसुमला, महिन्यात जमले. तिच्या काडतुसाने सशाला वाटाण्याएवढे भोक पडते. माझ्याने ससाच उरत नाही. दुपारी बाबा म्हणाले, "काय रे, ससा मारलास की पाट्यावर वाटलास?"

कुसुम हसली नाही. ते जास्त लागले.

वाटाण्याएवढे भोक! तिच्या डब्यातली दोन काडतुसे उचलली आहेत. माझीच म्हणून सांगेन.

बुधवार, सकाळ. ससा आणला. बाबांनी भोकावर बोट ठेवले आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "कुसुम, तुझा ससा आलाय गो."